बोडीकडची खोली

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, असा शाळेचा निरोप व्हॉट्सॲपवर आला. खाली विषयही सुचवले होते: शाळेचे ऋण, गुरुजनांच्या आठवणी, यशाचा प्रवास वगैरे. मी तेव्हाच ठरवलं की ड्रॉइंगच्या सरांवर लिहायचं, बाकी कशावर नाही. गणिताच्या बाई, पीटीचे सर, हेडसर यांनी मला माफ करावं. त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ निघतील. सरांचं नाव इथे लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. शिवाय गावात त्यांना नावाने ओळखतच कोण होतं? ड्रॉइंगवाले सर म्हटलं की झालं.

बोडीकडची, म्हणजे छोट्या तळ्याच्या बाजूची, शेवटची खोली त्यांची. पावसाळ्यात तिची मागची भिंत कंबरेपर्यंत ओली व्हायची आणि तिथे टांगलेली चित्रं आम्ही वर वर सरकवत न्यायचो. पाचवीत पहिल्याच तासाला सरांनी सगळ्यांच्या रंगपेट्या गोळा करून कपाटात ठेवल्या. वर्गात पेट्या होत्या मोजक्याच. ढिवरटोलीतल्या, विहाराकडच्या, गोंडमोहल्ल्यातल्या पोरांनी रंगपेटी दुकानात टांगलेलीच पाहिलेली. "खोलीत आला तो रंग खोलीचा," एवढंच सर म्हणाले. एका पालकाने तक्रार केली, ती पुढे कुठे विरली कोण जाणे.

त्या पेट्या दिवाळीपर्यंतही पुरल्या नाहीत. मग आम्ही रंग करायला शिकलो. गेरू, चुना, कपड्याची नीळ, कंदिलाच्या काचेवरची काजळी. शिमग्याच्या आधी पळस फुलला की फुलं उकळून केशरी. त्यात चिमूटभर चुना टाकला की रंग गडद होतो, आणि उन्हात ठेवला की उडतो, हे आम्हाला कोणत्याही पुस्तकाआधी माहीत होतं. धावड्याचा डिंक कमी पडला तर वाळलेला रंग बोटाला लागतो. डिंक कोणाच्या घरी मिळतो हे पाड्यावरच्या पोरांना ठाऊक होतं, म्हणून त्या तासाला तीच पोरं मास्तर आणि आम्ही शेठ-पाटलांची पोरं त्यांच्या मागे मागे. सरांनी हे मुद्दाम केलं होतं की कसं, ते मी त्यांना कधी विचारलं नाही.

पण सरांचं खरं पीक गॅदरिंग. आपल्या भागात दिवाळीनंतर मंडई म्हणजे जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात, रात्री दहाला सुरू झालेलं नाटक कोंबडा आरवेपर्यंत चालतं. अशा गावात शाळेचं गॅदरिंग म्हणजे स्वागतगीत, दोन नाच आणि बक्षीस वाटप, हे सरांना मंजूरच नव्हतं. पूर्ण नाटक व्हायचं, आणि त्याचं सगळं काम पोरांनी करायचं. कामं चिठ्ठ्यांनी वाटली जायची. पडदा ओढणं, मैदान झाडणं, तिकिटं, माईक, हिशेब, पाहुण्यांचा चहा, सगळ्याच्या चिठ्ठ्या एका डब्यात. सरपंचाच्या मुलाच्या वाट्याला झाडू आला आणि ढिवरटोलीतली एक मुलगी तिकीट खिडकीवर बसली. तिने स्वतःच्या मामालाही फुकट आत सोडलं नाही. मुलींनी रांगोळी काढायची आणि मुलांनी ढोलकी वाजवायची, ही वाटणी त्या डब्याने मोडली. पडदाही आमचाच. मांजरपाटाला चिंचोक्याची खळ देऊन, खडूची पूड लावून, वाळवून मग त्यावर रंग. चिंचोके भाजून, भिजवून, कुटून, शिजवून खळ करायला जो वेळ लागतो तो ज्याने केलं त्यालाच कळेल.

1994 च्या गॅदरिंगला माझ्या चिठ्ठीत हिशेब निघाला. मी नववीत. रंगमंचाच्या तिन्ही बाजूंनी बांबूचे तट्टे आणि वर कमान, असं त्या वर्षी ठरलं होतं. ते काम बुरडाच्या बाबाजींनी केलं, आणि आमच्या दोन वर्गांना तट्टा विणायलाही त्यांनीच शिकवलं. गॅदरिंग झाल्यावर मी वही सरांपुढे ठेवली. मंडप, लाऊडस्पीकर, गॅसबत्त्या, हार, चिवडा, बांबू. बेरीज बरोबर होती. सरांनी वही वाचली, बांबूच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे बांबू आपल्या पायानं येऊन उभे रायले काय बे?"

वर्गात हशा पिकला. तेव्हाची रीत अशी की बुरडाला, वाजंत्र्याला, सारवणाऱ्या बाईला गावच्या कामाचे पैसे द्यायचे नसतात. पायली-दोन पायली धान, नाहीतर लुगडं, तेही देणाऱ्याच्या मर्जीने. वहीत मजुरीची ओळच नव्हती, कारण आधीच्या कोणत्याही वर्षी नव्हती. सर म्हणाले, जा, त्यांनाच विचारून लिहून आण.

आम्ही चौघं वही घेऊन त्यांच्या घरी गेलो. बाबाजी हसायलाच लागले. "मले कायले पैसे जी? शाळेचं काम हाय." आम्ही परत फिरणार तेवढ्यात आतून आजी बाहेर आल्या. सूप टेकवलं आणि आमच्यासमोर बसल्या. "लिहा," म्हणाल्या. बांबू मिळवायला डेपोवर घातलेला दिवस. कांबी काढायचे दिवस. विणायचे दिवस, आणि त्यात बाबाजी एकटे नव्हते, आजीही होत्या, सूनही होती. तुम्हा पोरांना शिकवायचे तास वेगळे. "अन् राती कंदील जळला, त्याचं घासलेट कोण देईल?" मी घासलेटही लिहिलं. धानकापणीची जी मजुरी त्या हंगामात गावात चालू होती ती सरांनी तिघांना सारखीच लावायला सांगितली, बाईमाणसाला कमी नाही. शिकवायच्या तासांचं मानधन वेगळं धरलं. आकडा लाऊडस्पीकरवाल्याच्या बिलापेक्षा मोठा झाला.

गॅदरिंग कमिटीच्या बैठकीत एक मोठे गृहस्थ तापले. दरवर्षी फुकटात होतं ते यंदाच कसं महाग झालं? सर भाषण करणाऱ्यातले नव्हते. त्यांनी वही पुढे सरकवली. "हिशेब पोरांनी केला. चूक असंल तर दाखवा." वही हातोहात फिरली. घासलेटावर बोट ठेवायला कोणी धजला नाही. पैसे दिले गेले, आणि सही घेताना आजींनी अंगठा द्यायच्या ऐवजी मला विचारलं, माझं नाव लिहून दाखवतोस का? पुढे त्या स्वतःच्या नावाची सही शिकल्या, तीही याच खोलीत.

बांबूचा विषय निघाला म्हणून सांगतो. 2011 साली धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेला आपल्या जंगलातल्या बांबूचे वाहतूक पास स्वतः देण्याचा अधिकार मिळाला, तेव्हा ती बातमी मी दोनदा वाचली. ज्या वनहक्क कायद्याने तो मिळाला तो 2006 चा. बाबाजी तेव्हा राहिले नव्हते.

सहल म्हणूनही सरांनी आम्हाला सेवाग्रामला नेलं. 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद झाली, हाताच्या कामातून शिकवावं हे तिथे ठरलं, नई तालीम तिथून पुढे आली, हे सगळं त्यांनी एसटीतच उरकलं. बापूकुटीत मात्र आम्हाला बराच वेळ उभं केलं. भिंतीवर मीराबेनने मातीत उठवलेली ताडाची झाडं आणि चरखा आहे. सुंदर आहे. सरांनी विचारलं, ही माती कोणी तुडवली असंल? कोणालाच सांगता आलं नाही. "याईचं नावबी पायजे होतं," असं म्हणून ते पुढे गेले.

आज मी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात राहतो आणि एका नाटक मंडळाचं व्यवस्थापन बघतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, चारही जिल्ह्यांतली मंडळं प्रयोग ठरवायला आमच्याकडे येतात. दिवाळी ते होळी रोज नवं गाव. लोकांना वाटतं व्यवस्थापन म्हणजे बुकिंग आणि गाडी. माझ्याकडच्या करारात पहिली अट बाई कलाकारांसाठी वेगळी, कडी लागणारी खोली ही आहे, मानधनाचा आकडा त्याच्यानंतर. नटाची नाईट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, जशी पाकिटात जाते तशीच पडदा ओढणाऱ्याची, लाइटवाल्याची, ड्रायव्हरची आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईचीही जाते, प्रत्येकाच्या नावाने, प्रयोगाच्या आधी. सुरुवातीला इतर मंडळींनी मला वेड्यात काढलं. कोरोनाच्या वर्षी हंगाम बुडाला तेव्हा मदत कोणाकोणाला पाठवायची हे ठरवायला माझ्याकडे वही तयार होती, तेव्हा तेच लोक नमुना मागायला आले. 2023 साली आपल्या झाडीपट्टीच्या, म्हणजे या चार जिल्ह्यांतल्या रंगभूमीचे कलाकार परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, त्या दिवशी वडशात फटाके वाजले. मी सरांना फोन लावला. ते म्हणाले, चांगलं झालं, आता पेटीवाल्याचा नंबर कधी?

गेल्या उन्हाळ्यात शाळेत येऊन गेलो. इमारत छान झाली आहे, टाइल्स लागल्या. बोडीकडच्या खोलीत जुने बाक रचलेत. सर निवृत्त झाल्यावर ड्रॉइंगची जागा भरलीच गेली नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात, सहावी ते आठवीचा पट 100 च्या वर असेल तर कलेला अंशकालीन निदेशक हवा, असं स्पष्ट लिहिलं आहे. कागदावर कला आहे. इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षेत ए ग्रेड आली तर दहावीत 7 गुण जास्त मिळतात, तेवढ्यापुरतं पोरं शहरातल्या क्लासला जातात. ज्यांना बसभाडं परवडतं ती. गॅदरिंगचा पडदा आता डिजिटल बॅनरचा असतो आणि नाच मोबाइलवरून बसवतात. मी यावर नाराज आहे, आणि सुवर्णमहोत्सव आहे म्हणून ते लपवणार नाही.

माजी विद्यार्थी मंडळापुढे माझा प्रस्ताव असा. कमान आणि शाल-श्रीफळाचा खर्च कमी करू. त्यातून वर्षभर दर शनिवारी गावातला एक कारागीर त्या खोलीत शिकवायला बोलवू, मानधन थेट त्यांच्या खात्यात. बाबाजींची नात आजही तट्टे विणते, तिच्याशी माझं बोलणं झालं आहे. दर तिने सांगितला आहे, तो मला पटला. पहिल्या तीन महिन्यांचे पैसे मी भरतो. खोलीतले बाक तेवढे शाळेने हलवावेत. माझा नंबर कार्यालयात आहे; हंगामात रात्री फोन लागणार नाही, दुपारी तीननंतर करावा.