विमानाआधी पायडल

१७ मे, रात्री

आजची तारीख क्लॉनकरीची. १९२८ साली याच दिवशी ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमधल्या या गावाहून डॉ. सेंट व्हिन्सेंट वेल्च आणि वैमानिक आर्थर अफ्लेक ज्युलिया क्रीकला उडाले. जॉन फ्लिन यांनी उभ्या केलेल्या उडत्या डॉक्टरांच्या सेवेचं ते पहिलं उड्डाण. पहिल्याच वर्षात ५० उड्डाणं, २२५ रुग्ण.

या सेवेच्या वारसा-उत्सवात गर्दी विमानाभोवती होते, आणि व्हावीच. लाकूड-कापडाचं, एका इंजिनाचं डीएच-५०. वैमानिक उघड्यावर, जवळ रेडिओ नाही. नद्या, कुंपणं, तारेचे खांब बघत वाट काढायची. तरी मांडवाच्या मधोमध जागा द्यावी ती आल्फ्रेड ट्रेगर यांनी बनवलेल्या, पाय मारून वीज पुरवायच्या पायडल-रेडिओला. दूरच्या गुरांच्या वस्तीवर कोणी तापानं फणफणलंय हे कळलंच नाही, तर विमान निघणार कुठे?

१९२६ च्या चाचण्या जड बॅटऱ्यांवर झाल्या. हातानं फिरवायचं जनित्रही करून पाहिलं, पण त्याला दोन माणसं लागत: एक दांडा फिरवायला, दुसरं मोर्सची, म्हणजे ठिपके-रेघांच्या संकेतांची, कळ दाबायला. घरात बाई एकटी असली की सगळं अडलं. ट्रेगरनी काम पायांवर सोपवलं आणि दोन्ही हात मोकळे केले. साधारण २० वॅट, ३०० व्होल्ट. पायांची लय बिघडली की व्होल्टेज खालीवर होतं, संदेश क्षीण होतो. वारंवारता मात्र स्फटिकानं धरून ठेवलेली. जून १९२९ मध्ये पहिला संच ऑगस्टस डाउन्स या गुरांच्या वस्तीवर बसला. वस्तीकडून मोर्स जायचं, केंद्राकडून माणसाचा आवाज यायचा. त्या एकाकी घरांत तो आवाज काय वाटला असेल!

प्रात्यक्षिकासाठी मूळ यंत्राला पायडल मारू देऊ नये. जुने कपॅसिटर गळतात, तारांवरचं आवरण ठिसूळ होतं, आणि ३०० व्होल्टचा झटका खेळ नव्हे. लहान डायनामो, काट्याचा व्होल्टमीटर, मोर्सचा बझर यांची नक्कल पुरते. पायडल फळीला बोल्टनं आवळावं, खुर्ची पाठीची आणि जमिनीला पक्की हवी. नाहीतर पहिल्याच जोराला ती मागे सरकते. समोर मोर्सचा तक्ता, आणि मुलांना शब्द छोटाच द्यावा. तिसऱ्या अक्षराशी डोकं तक्त्यात गुंततं, पाय मंदावतात, काटा पडतो. नेमकं तेव्हाच सांगावं: शेजारच्या खोलीत मूल तापानं तळमळतंय, पाय थांबवू नकोस.