काटा आणि पाचशेचं पेट्रोल

पेट्रोलचा काटा बिघडला तरी गाडी चालत राहते, म्हणून तो महिनोन्महिने तसाच राहतो. मुंबईत हॉर्न बंद पडला तर माणूस हातातलं काम टाकून गॅरेज गाठेल. काट्याचं मात्र ‘बघू पुढच्या सर्व्हिसिंगला’. तोवर ट्रिप मीटर शून्यावर आणायचं आणि सिग्नलला थांबलं की मनातल्या मनात भागाकार करायचा. स्कूटर आडवी करून पेट्रोलचे शेवटचे थेंब इंजिनाकडे सरकवणाऱ्या पिढीला यात काही वावगं वाटत नाही. माझ्या सासऱ्यांनी तर गाडी मागून हलवून, टाकीपाशी कान लावूनही पाहिलं.

पूर्वी पेट्रोल संपलंच तर गाडी कडेला ढकलायची आणि डबा घेऊन पंपापर्यंत चालत जायचं. आता सी लिंक 5.6 किलोमीटरचा आणि अटल सेतू 21.8 किलोमीटरचा. दोन्हींवर पंप नाही, थांबायला परवानगी नाही, चालायचा तर प्रश्नच नाही. उरणला नणंदेकडे निघालं आणि काट्याचा भरवसा नसला, की खालचा समुद्र बघायचं सुचत नाही.

आमचा काटा टाकी अर्ध्याच्या वर असताना शहाण्यासारखा वागे. अर्ध्याच्या खाली आला की बिनसायचं. माहीमच्या आमच्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरवर तो आडवा व्हायचा आणि पुढच्या वळणावर पुन्हा उभा राहायचा. सगळ्यांचं मत एकच पडलं: मीटर गेलं, बदला. असलं मत देणाऱ्यांना डॅशबोर्ड उघडायचा नसतो, हे एक. दुसरं म्हणजे, काट्यावर शेवटी संशय घ्यावा. तो बिचारा टाकीतून येईल तेवढंच दाखवतो.

टाकीत असतो एक फ्लोट. तो पेट्रोलवर तरंगतो, त्याची दांडी वरखाली होते आणि दांडीच्या टोकाची पितळी जीभ एका पट्टीवर घासत सरकते. जीभ जिथे टेकेल त्याप्रमाणे विजेला होणारा अडथळा बदलतो आणि काटा हलतो. गाडी हेलकावली की पेट्रोलही हेलकावतं, म्हणून काटा मुद्दाम सुस्त केलेला असतो. तो स्पीडब्रेकरवर दचकायला लागला, की वाटेत कुठेतरी संपर्क तुटतोय एवढं नक्की.

गॅरेजवाल्या काकांनी मागची सीट उचलली. (सीटखाली काय काय निघालं ते सांगत नाही. एक कानातलं मात्र चार वर्षांनी सापडलं.) झाकण काढून त्यांनी टाकीकडून मीटरकडे जाणारी वायर सोडवली आणि मला म्हणाले, “ताई, चावी फिरवा आणि काट्याकडे बघा.” वायरचं टोक क्षणभर बॉडीला टेकवल्याबरोबर काटा उठला आणि निमूट फुलकडे निघाला. काही गाड्यांत तो उलटा, एम्प्टीकडे जातो. कुठेही जावो, पण गेला की मीटर आणि वायर दोन्ही सुटले. अजिबात हलला नसता तर फ्यूज, वायर, मग मीटर अशी चौकशी झाली असती. शेजारचा इंजिनाच्या तापमानाचा काटाही वेडंवाकडं दाखवत असेल, तर जुन्या गाड्यांत दोघांना वीज पुरवणाऱ्या समाईक जागेकडे आधी बघतात.

मग अर्थिंग, म्हणजे टाकीची गाडीच्या बॉडीशी असलेली जोडणी. समुद्र दोन गल्ल्यांवर असला की बॉडीला आवळलेल्या स्क्रूखाली गंज धरतोच. काकांनी तो कानशीने घासून लख्ख केला. फरक पडला, पण पुरता नाही. तेव्हा बॅटरीची वायर काढून टँक युनिट, म्हणजे फ्लोट, दांडी आणि पट्टीचा तो संच, बाहेर घेतलं.

ती पट्टी मी हातात घेऊन पाहिली. बोटाएवढी, बारीक रेषारेषांची. फुलकडचं टोक जवळजवळ कोरं. पाव ते अर्ध्याच्या मधला भाग मात्र काळवंडून झिजलेला. काकांनी मल्टिमीटर लावून दांडी बोटाने सावकाश वर नेली. आकडा सरळ बदलत गेला आणि त्या झिजलेल्या जागी येताच उडाला.

जीभ तिथेच का घासली? कारण पंपावर आम्ही कधीही “फुल करा” म्हटलेलं नाही. आमच्या घरी म्हणतात, “पाचशेचं टाका.” 2021 च्या मे महिन्यात मुंबईत पेट्रोलने शंभरी ओलांडली, तेव्हापासून पाचशेत पाच लिटरही येत नाही. फ्लोट थोडासा वर यायचा, दोन दिवसांत तेवढाच खाली. वर्षानुवर्षं दांडी त्या चिमूटभर जागेत येरझारा घालत होती. आमच्या महिन्याच्या खर्चाची वही काळ्या रेघांत कुणीतरी लिहून ठेवली होती आणि ती मी पेट्रोलच्या वासात उभी राहून वाचत होते.

नवं युनिट ऑपेरा हाऊसच्या बाजारात मिळालं. जुनं सोबत नेलं हे बरं झालं, कारण दांडीचा बाक जरा वेगळा असला तरी काटा जन्मभर चुकीचं दाखवतो. दुकानदाराने दोन्ही युनिटं शेजारी धरून तीनदा ताडून पाहिली.

काटा आता एम्प्टीवर टेकला, तरी टाकीत काही लिटर उरतं. बहुतेक गाड्यांत ते तसंच ठेवलेलं असतं. घरात हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.