काळी चारचा गंधार: जुन्या कॅसेटी, जुनी पेटी आणि गेले तीन महिने

गेल्या तीन महिन्यांत नवी चाल बांधली नाही, नवं काही लिहिलंही नाही. माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली आणि तिच्यातच गुंतलो. चौदा कॅसेटी, दोन दोनशेपानी वह्या, आणि १९९७ साली आम्ही बसवलेल्या कवितांच्या कार्यक्रमाची पाठपोट लिहिलेली संहिता. कार्यक्रमाबद्दल एवढंच सांगतो की चाली सुरेल होत्या आणि कविता त्यांच्याखाली दबल्या होत्या. तेव्हापासून आधी ओळ मोठ्याने म्हणतो, मगच पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, हात लावतो.

कॅसेटी मात्र अनमोल आहेत. १९९९ ते २००१ या काळात वाई तालुक्यातल्या आमच्या घरी, ओटीवर, आजी आणि तिची जाऊ जात्यावर बसायच्या आणि मी टेपरेकॉर्डर घेऊन समोर. ‘जात्या ईसवरा’ म्हणून सुरुवात. खुंट्यावर दोघींचे हात, एकीने ओवी उचलायची, दुसरीने पुढे न्यायची. मुठीने दाणे घालायला हात गेला की ओळ तिथेच थबकायची आणि दगड पुन्हा फिरू लागला की पुढे जायची. ते थबकणं कुठल्याच तालात मोजता येत नाही. तेव्हा मी दादऱ्यात बसवायला बघितलं होतं. वहीत सगळीकडे खाडाखोड आहे.

आतापर्यंत नऊ कॅसेटी संगणकात उतरल्या. त्या वेळी एक गोष्ट नशिबाने बरोबर केली होती: प्रत्येक बाजूच्या सुरुवातीला आणि शेवटी पेटीची काळी चार (सप्तकातली चौथी काळी पट्टी) धरून ठेवली होती. तोच सूर आता मापाला आला. सेल उतरत आले की रेकॉर्ड होताना टेप हळू फिरते आणि नंतर नीट वेगाने लावली की आवाज चढलेला येतो. दोन कॅसेटी शेवटाकडे जवळजवळ अर्ध्या सुराने चढल्या होत्या. त्या टप्प्याटप्प्याने खाली आणल्या. तुमच्याकडे अशी जुनी रेकॉर्डिंगं असतील तर आधी असा एखादा ठाम सूर शोधा, बाकीची साफसफाई नंतर.

वेग दुरुस्त झाल्यावर जे ऐकू आलं, त्यासाठी हे सगळं लिहितोय. २००२च्या वहीत आजीच्या ओव्यांचं स्वरलेखन करताना मी जागोजागी लाल शाईने लिहिलंय, ‘ग उतरलेला’. त्यावरच्या लेखातही तसंच लिहिलं होतं. आता ऐकतो तर तिचा गंधार, म्हणजे हा ग, दर वेळी तेवढाच खाली, त्याच जागी, आणि तंबोऱ्याच्या खर्जातून (सगळ्यात खालच्या तारेतून) आपोआप उमटतो तोच, स्वयंभू. चढलेली होती ती पेटी. काळी चारचा सा २०७.६५ हर्ट्झ धरला तर पेटीतला गंधार २६१.६ वर येतो, आणि स्वयंभू गंधार २५९.६ वर. फरक दोन हर्ट्झचा, पण सा आणि ग एकत्र दाबले की दोघांचे वरचे उपस्वर एकमेकांवर आपटून सेकंदाला आठेक लहरी कानाला टोचतात. आकाशवाणीने १९४० पासून तीस वर्षं पेटीला दार बंद ठेवलं, त्यामागच्या आक्षेपांत एक हाही होता. ती बंदी मला आजही अन्यायाची वाटते, पण हा आक्षेप खरा आहे.

म्हणून वडिलांची साडेतीन सप्तकांची पेटी उघडली. काळी चारला सा धरला की गंधार पांढरी एकवर पडतो. ती चार जागी आहे आणि प्रत्येक जागी खर्ज (खालचा) आणि नर (वरचा) असे दोन सूर, म्हणजे कामाला आठ पत्त्या, सूर देणाऱ्या पितळी जिभा. पितळी जिभेला मुळाशी घासलं की सूर उतरतो, टोकाशी घासलं की चढतो. पातळ पातं घेऊन मुळाशी दोन हलके हात, पत्ती जागेवर बसवायची, भाता मारून ऐकायचं, पुन्हा काढायची. हातात धरून फुंकलेला सूर आणि पेटीत बसलेला सूर एक नसतो, त्यामुळे ही ये-जा टळत नाही. पहिल्या खर्जाला जास्त लागलं, मग टोकाशी घासून वर आणावा लागला. एका संध्याकाळी एकच पत्ती झाली. चारपैकी मधल्या दोन जागा आता पुऱ्या झाल्यात. ही पेटी यापुढे काळी चारचीच. पांढरी एकला सा धरून ती कुणाला वाजवता येणार नाही, आणि हे ठरवायला मला आठवडा लागला.

परवा रात्री आजीची एक ओवी लावली आणि नुसता सा-ग धरून बसलो. लहरी थांबल्या होत्या. ती दाणे घालायला थांबली की माझा भात्यावरचा हातही आपोआप थांबत होता.

वहीतल्या लाल खुणा आता एकेक करून खोडतोय आणि शेजारी तारीख घालतोय. दहाव्या कॅसेटच्या आतली फोमची गादी निखळलीय, तिची टेप दुसऱ्या रिकाम्या कॅसेटमध्ये गुंडाळून घ्यावी लागेल. कुणी हे हाताने केलं असेल तर टेपची सुरुवातीची पट्टी कशी अडकवलीत ते कळवा.