ईईजी स्वच्छ होता

जन्मतः व्यवस्थित रडलेल्या आणि एमआरआय निर्दोष असलेल्या मुलालाही ‘सेरेब्रल पाल्सी’चा (जन्माच्या आसपास मेंदूला इजा होऊन आलेल्या हालचालींच्या दोषाचा) शिक्का मारून मोकळे होण्याची सवय आपल्या वैद्यकीय व्यवस्थेत खोलवर रुजली आहे. बालमेंदूविकार विभागात त्या दिवशी तापाने फणफणलेली जी मुलगी आली, तिच्या फाइलवरही तोच शिक्का होता. तिचे हातपाय इतक्या जोराने फेकले जात होते की आईवडिलांनी दोन्ही बाजूंनी धरूनही ती पलंगावर टिकत नव्हती. आधीच्या रुग्णालयाने ईईजी, म्हणजे मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख, न काढताच हे अपस्माराचे झटके मानून औषधांवर औषधे चढवली होती. आम्ही हालचाली चालू असतानाच ईईजी काढला. तो स्वच्छ होता. झोप लागताच हालचालीही थांबल्या. म्हणजे हे अपस्माराचे झटके नव्हते. सीपीके हे स्नायूंतून रक्तात उतरणारे विकर प्रचंड वाढलेले होते, म्हणजे स्नायू विरघळू लागले होते. मूत्रपिंडे वाचवण्यासाठी सलाइन, झोपेसाठी मिडॅझोलम आणि हालचाली आवरण्यासाठी टेट्राबेनाझिन सुरू केले.

पुढे एक्झोम तपासणीत, म्हणजे प्रथिने घडवणाऱ्या जनुकभागांच्या वाचनात, जीएनएओ१ जनुकात बदल आढळला: त्याच्या प्रथिनात २४६व्या जागी ग्लुटामेट या अमिनो आम्लाऐवजी लायसिन येत होते. आईवडिलांमध्ये हा बदल नव्हता. हे जनुक पेशीबाहेरचा संदेश आत पोचवणाऱ्या जी प्रथिनाचा अल्फा-ओ हा उपघटक घडवते, आणि तो मेंदूत विपुल असतो. डोपामिनसारखा संदेशवाहक पेशीवरील ग्राहीला चिकटला की अल्फा-ओ जीडीपी हा रेणू सोडून जीटीपी हा रेणू धरतो, जी प्रथिनाच्या उरलेल्या बीटा-गॅमा जोडीपासून सुटतो, आणि मग पेशीतील सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू व आयनांचे मार्ग यांचे नियंत्रण होते. बदललेला अल्फा-ओ हे काम नीट करत नाही. शिवाय जनुकाच्या दुसऱ्या, निरोगी प्रतीपासून बनलेल्या प्रथिनालाही अडवतो. २०१३ मध्ये जपानमधून या जनुकातील बदलांमुळे होणाऱ्या आजाराचे पहिले वर्णन आले ते तीव्र अपस्माराच्या मुलींचे. त्यामुळे झटके नसलेल्या मुलात त्याचा विचारच अनेकांना सुचत नाही, याची मला खंत वाटते.

औषधांनी संकट टळले, तरी ताप आला की ते परतू शकते. म्हणून ग्लोबस पॅलिडस या हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या मेंदूच्या खोल भागात इलेक्ट्रोड बसवून मेंदूला विद्युत उत्तेजन देण्याच्या शस्त्रक्रियेविषयी आम्ही पालकांशी सविस्तर बोललो. तेव्हा वडिलांनी विचारले, “डॉक्टर, पोरीचा मेंदू झिजतोय का?” नव्या एमआरआयमध्ये, आधीच्या निर्दोष चित्राच्या तुलनेत, मेंदूचे आकारमान किंचित घटलेले दिसत होते. या आजारात काही मुलांमध्ये अशी घट होते, हे मी त्यांना सांगितले. पण ही घट सदोष प्रथिनामुळे झाली, की चुकीच्या उपचारांत गेलेल्या तासांमुळे, याचा निवाडा ती दोन चित्रे शेजारी ठेवून मला अजूनही करता आलेला नाही.