फ्लोटिंग ब्रिज की फिक्स्ड ब्रिज : माझा अनुभव

सोलापुरात आमचा आठ जणांचा ऑर्केस्ट्रा आहे. गणेशोत्सव, नवरात्र आणि लग्नसराई मिळून वर्षाला तीसेक कार्यक्रम होतात आणि त्यांत मी सहा वर्षे उसन्या गिटारवर वाजवत आलो होतो. गेल्या दिवाळीत स्वतःची इलेक्ट्रिक गिटार घेण्याइतके पैसे जमले, तेव्हा रंग, लाकूड किंवा पिकअप यांवर माझे फारसे अडले नाही. अडले ते ब्रिजवर, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा जिथे अडकवतात त्या भागावर. फ्लोटिंग ट्रेमोलोची (दांडीने हलणाऱ्या ब्रिजची) गिटार घ्यावी की फिक्स्ड, म्हणजे न हलणाऱ्या ब्रिजची, हे ठरवायला मला सहा महिने लागले.

मन आधीपासून फ्लोटिंगकडे झुकलेले होते आणि त्याचे कारण म्हणजे मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाणे. गिटारची तार बोटाने ओढून सूर वर नेता येतो, परंतु वाजत असलेल्या सुराच्या खाली अलगद उतरून पुन्हा जागेवर यायचे, तेही सगळ्या तारा एकदम घेऊन, तर ब्रिजला जोडलेल्या दांडीवाचून ते साधत नाही. दांडी दाबली की तारा सैल पडून सूर उतरतो, वर ओढली की तारा ताणल्या जाऊन सूर चढतो. (या यंत्रणेला ट्रेमोलो म्हणणे खरे तर चूक आहे, कारण ट्रेमोलो म्हणजे आवाजाच्या जोरातील थरथर आणि सुरातील थरथर म्हणजे व्हायब्रॅटो, पण १९५४ च्या स्ट्रॅटोकॅस्टर या इलेक्ट्रिक गिटारवर तिचे निर्माते लिओ फेंडर यांनी हेच नाव वापरले आणि ते रूढ झाले.) त्या जुन्या रचनेत जोरात दांडी दाबली की तार नटच्या (गिटारच्या मानेच्या टोकाला असलेल्या पट्टीच्या) खाचेत अडकून सूर परत जागेवर येत नसे. फ्लॉइड रोझ यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तार नट आणि ब्रिज अशा दोन्ही टोकांना घट्ट आवळून हा दोष दूर केला. त्यांना १९७९ मध्ये त्याचे पेटंट मिळाले.

विकत घेण्यापूर्वी एका मित्राने त्याची फ्लॉइड रोझ पद्धतीच्या ब्रिजची गिटार मला महिनाभर वापरायला दिली. पहिल्याच रात्री मी तिची मागची झाकणपट्टी उघडली. आत तीन स्प्रिंगा होत्या, त्यांची एका बाजूची टोके दोन लांब स्क्रूंनी लाकडात धरलेल्या पट्टीला आणि दुसरी टोके ब्रिजच्या ठोकळ्याला अडकवलेली. पुढे सहा तारा ब्रिजला एका बाजूने ओढतात, मागे स्प्रिंगा दुसऱ्या बाजूने ओढतात आणि ब्रिज दोन खुंट्यांवर धारदार कडेने टेकून त्या दोन ओढींच्या मध्ये तोललेला राहतो. माझे बाबा अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत यंत्रमागावर जॉबर (मागांची जुळवणी-दुरुस्ती पाहणारे) होते. त्यांनी कधी गिटार हातात घेतलेली नाही, पण बीमच्या (उभे धागे गुंडाळलेल्या रुळाच्या) दोरीला लावलेले वजन कमी-जास्त करून त्या धाग्यांचा ताण राखण्यात त्यांचे आयुष्य गेले. ते वाकून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “म्हणजे हितं वजनाच्या जागी स्प्रिंग. मग एक तार तुटली तर बाकीच्यांचा ताण बिघडणारच की रे.”

त्या गिटारला ९-४२ च्या तारा होत्या (हे आकडे म्हणजे सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत). मला १०-४६ ची सवय असल्यामुळे मी त्या बदलायला बसलो आणि प्रकरण हाताबाहेर गेले. ९-४२ च्या सहा तारांचा एकूण ओढा साधारण ३८-३९ किलोचा असतो आणि १०-४६ चा ४६-४७ किलोचा, म्हणजे स्प्रिंगांवर अचानक आठ किलोंचा भार वाढला. प्रत्येक तारेच्या टोकाचा पितळी मणी कापायचा, उघडे टोक सॅडलमध्ये (ब्रिजवर तार बसते त्या जागी) सरकवून अ‍ॅलन कीने आवळायचे, इथपर्यंत ठीक होते. पण सहावी तार सुरात आणली की पहिली उतरलेली असे, पहिली चढवली की तिसरी उतरे आणि ब्रिज पुढे झुकून मागच्या अंगाने उचलला जाई. मागचे स्क्रू थोडे आवळायचे, पुन्हा सहाही तारा लावायच्या, पुन्हा ब्रिज गिटारच्या अंगाशी समांतर आहे का ते पाहायचे, अशा सात-आठ फेऱ्या झाल्या आणि दीड तास गेला. त्यानंतर मात्र नट आवळून मी दांडी पूर्ण खाली दाबली, सोडली आणि सहाही तारा जिथल्या तिथे परतल्या. ते ऐकून मला झालेला आनंद मी आजही विसरलेलो नाही.

अडचण ऑर्केस्ट्रात उभी राहिली. तालमीच्या वेळी आमच्या गायिका ताईंचा आवाज बसला होता आणि त्यांनी अर्धी पट्टी उतरवायला सांगितली. त्या गाण्याची सुरुवात मोकळ्या तारांवर असल्यामुळे बोटे सरकवून भागण्यासारखे नव्हते. नट आवळलेला असताना मानेच्या टोकाच्या सुराच्या खुंट्या फिरवून उपयोग नसतो आणि ब्रिजवरच्या, सूर किंचित जुळवण्याच्या स्क्रूंनी अर्धा सूर गाठता येत नाही. नट उघडा, तारा उतरवा, सैल पडलेल्या तारांमुळे मागे झुकलेला ब्रिज सावरा, असे करत वीस मिनिटे गेली आणि सगळे माझ्याकडे पाहत बसले. पुढच्या आठवड्यात एका लग्नात तिसरी तार तुटली. स्प्रिंगांनी ब्रिज मागे खेचला, उरलेल्या पाचही तारा चढल्या आणि ते गाणे मला हात आवरून संपू द्यावे लागले. बाबा म्हणाले होते तेच झाले.

आणखी एक गोष्ट मला हळूहळू कळली. माझे निम्मे वादन एक तार धरून दुसरी ओढण्याचे आहे. फ्लोटिंग ब्रिजवर एक तार ओढली की ब्रिज किंचित पुढे झुकतो आणि शेजारची धरलेली तार बेसूर होते. हा त्या ब्रिजचा दोष म्हणता येणार नाही, तोल राखण्याच्या रचनेतच ते आहे. ठोकळ्यामागे लाकडाचा तुकडा बसवून ब्रिज जखडता येतो हे मला ठाऊक होते, परंतु जखडायचाच असेल तर त्याचे पैसे का मोजावेत, हे मला पटेना.

एप्रिलमध्ये मी पुण्याला जाऊन पाच गिटारी वाजवून पाहिल्या. माझ्या पंचवीस हजारांत जे फ्लोटिंग ब्रिज मिळत होते त्यांपैकी एकावर दांडी दहा-बारा वेळा दाबल्यावर तारा जागेवर परतेनात. ज्या धारदार कडेवर सगळा तोल असतो ती मऊ धातूची असेल तर लवकर बोथट होते, म्हणून या प्रकारात स्वस्त घेणे म्हणजे न घेण्यासारखेच, असे माझे मत झाले आहे. त्याच पैशांत तारा अंगातून आरपार जाणारी, फेंडर यांच्या टेलिकॅस्टर या गिटारच्या धर्तीची फिक्स्ड ब्रिजची चांगली गिटार मिळत होती. मी ती घेतली.

माझा मित्र एकाच ट्यूनिंगमध्ये मेटल वाजवतो, त्याच्या हाती फ्लॉइड रोझच शोभतो आणि त्याची गिटार मी ९-४२ च्या नव्या तारा लावून, ब्रिज समांतर करूनच परत केली. मी आता अर्धी पट्टी मिनिटभरात उतरवतो. मींडेसाठी तार आधीच ओढून धरतो, मग छेडतो आणि हळूहळू सोडतो. सूर खाली येतो, पण एकाच तारेवर. सगळ्या तारांचा एकत्र उतरणारा तो सूर मात्र माझ्याकडे नाही आणि काही गाण्यांत त्या जागी आल्यावर उजवा हात अजूनही दांडी शोधतो.