ग्रेमाउथपर्यंत रेल्वे, पुढे गाडी

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचा नकाशा आठवडाभर जेवणाच्या टेबलावर पसरलाय. बाबांचा हट्ट एकच: ट्रान्झ-अल्पाइन रेल्वे हवीच. क्राइस्टचर्च ते ग्रेमाउथ, २२३ किलोमीटर. आर्थर्स पासनंतर ओटिराचा साडेआठ किलोमीटरचा बोगदा, १९२३ साली खुला झालेला. कर्जत-लोणावळा घाटात रेल्वेची नोकरी काढलेल्या माणसाला तो अनुभवायचाच आहे!

ग्रेमाउथला भाड्याची गाडी घ्यायची. तिथेही डावीकडूनच चालवतात, हा मोठा दिलासा. दोन रात्री फ्रान्झ जोसेफ या हिमनदीजवळच्या गावात, मग हास्ट खिंडीतून वानाका. हा टप्पा मी एका दिवसात बसवला होता, आईने खोडला. तिला प्रत्येक धबधब्यापाशी थांबायचंय. बरोबर आहे तिचं. हास्टला एक रात्र वाढवली, क्वीन्सटाउनची एक कमी केली.