आमची वाटचाल : कार्बोरेटर ठेवावा की इंजेक्शन बसवावे?

बेळगावच्या उद्यमबागेत वडिलांनी गॅरेज सुरू केले तेव्हा फियाट आणि ॲम्बॅसिडर यांपलीकडे फारशा गाड्या येत नसत, आणि कार्बोरेटर (इंजिनात जाणाऱ्या हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) खोलून, धुऊन, पुन्हा बसवून देणे हीच मुख्य कमाई होती. 2000 सालच्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले, नव्या मोटारी इंजेक्शनवर, म्हणजे दाबाने पेट्रोल फवारण्याच्या पद्धतीवर, गेल्या आणि अनेक गॅरेजवाल्यांनी कार्बोरेटरचे जेट, सुया, फ्लोट हे सुटे भाग भंगारात काढले. आमच्याकडचे कपाट तसेच राहिले. त्याला दूरदृष्टी म्हणण्यापेक्षा वडिलांचा काटकसरी स्वभाव म्हणणे अधिक खरे होईल. त्या कपाटामुळेच पुढे कोल्हापूर, सांगली, गोवा आणि हुबळीकडचे जुन्या स्पोर्ट्स मोटारींचे शौकीन आमच्याकडे येऊ लागले, आणि आज आमचा बहुतेक धंदा त्यांच्यावरच चालतो.

या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : कार्बोरेटर काढून इंजेक्शन बसवून द्याल का? यावर आमचे धोरण असे की, आधी आहे तो कार्बोरेटर पूर्ण दुरुस्त करायचा आणि निर्णय त्यानंतर घ्यायचा. कारण ज्याला लोक कार्बोरेटरचा दोष म्हणतात, तो पुष्कळदा झिजलेल्या थ्रॉटल स्पिंडलमधून (हवेची झडप फिरवणाऱ्या दांड्याच्या फटीतून) आत शिरणाऱ्या चोरट्या हवेचा किंवा बिघडलेल्या इग्निशन टायमिंगचा (ठिणगी पडण्याच्या वेळेचा) असतो. स्पिंडलसाठी ब्राँझचे बुश (दांड्याभोवतीची कडी) आम्ही शेजारच्याच लेथवर करून घेतो. फाउंड्री आणि मशीनिंगचे इतके कसबी कारागीर हाकेच्या अंतरावर असणे, हे बेळगावात गॅरेज असण्याचे मोठे सुख आहे.

एमजीबीसारख्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स मोटारीवर एसयू जातीचे दोन कार्बोरेटर असतात. रबरी नळीचे एक टोक कानाला आणि दुसरे हवेच्या तोंडाशी धरून दोघांचा सुसकारा सारखा येईपर्यंत आमचे मिस्त्री स्क्रू फिरवत राहतात. मग कार्बोरेटरमधला पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचलून पाहतात : इंजिनाचा वेग क्षणभर वाढून पूर्ववत झाला तर मिश्रण बरोबर, वाढून तसाच राहिला तर रिच (पेट्रोल जास्त), आणि इंजिन बंद पडू लागले तर लीन (पेट्रोल कमी). एवढे झाल्यावर निम्मे मालक इंजेक्शनचा विषय स्वतःहून सोडून देतात.

उरलेल्यांची अडचण मात्र खरी असते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर असल्यामुळे येथील हवा किनाऱ्यापेक्षा सुमारे 7 टक्के विरळ आहे. म्हणून येथे अचूक लावलेली गाडी चोर्ला घाट उतरून पणजीला पोहोचली की थोडी लीन चालते. त्यात आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉलची भर पडली आहे. आपल्याच जिल्ह्यातील साखर कारखान्यांमधून निघणाऱ्या या इथेनॉलने ऊसवाल्यांचे भले होत असेल, परंतु जुन्या रबरी नळ्या आणि डायफ्रॅम त्याने खराब होतात. शिवाय शुद्ध पेट्रोलला वजनाच्या 14.7 पट हवा लागते, तर या मिश्रणाला 13.5 पटीच्या आसपास. कार्बोरेटरला हा फरक कळत नाही, त्यामुळे सुई किंवा जेट बदलून ते प्रमाण आपणच जुळवावे लागते. इंजेक्शनमध्ये धुरातील ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या मदतीने ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) ते काम वाटेतच करतो.

तरीही इंजेक्शन म्हणजे चार इंजेक्टर बसवून मोकळे होण्याचे काम नव्हे. एसयू कार्बोरेटरला जेमतेम 0.2 बार दाब पुरतो, तर इंजेक्शनला साधारण 3 बार लागतो. म्हणून पंप, नळ्या आणि टाकीकडे जाणारी परतीची लाइन असे सगळेच नवे करावे लागते. टाकीत आडपडदे नसतील तर घाटातील वळणावर पेट्रोल एका बाजूला सरकून पंप हवा ओढतो. सुरुवातीच्या एमजीबीला पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले) आणि डायनॅमो असतो. तेथे आधी वायरिंग उलटवून अल्टरनेटर बसवावा लागतो, आणि एवढा खर्च ऐकल्यावर गिऱ्हाईक चहा मागवते.

इंजेक्शनने गाडीचा अस्सलपणा जातो, असे सरसकट म्हणणाऱ्यांना आम्ही ट्रायम्फ टीआर 6 या ब्रिटिश स्पोर्ट्स मोटारीची आठवण करून देतो. एकाच 2.5 लिटर इंजिनावर कंपनीने इंग्लंडमध्ये लुकासचे मेकॅनिकल इंजेक्शन दिले आणि अमेरिकेत दोन स्ट्रॉम्बर्ग कार्बोरेटर. म्हणजे वाद अस्सलपणाचा कमी आणि वापराचा अधिक आहे. प्रदर्शनात आणि रविवारच्या फेरीत मिरवणाऱ्या गाडीला आम्ही कार्बोरेटरच सुचवतो. गोवा-पुणे नियमित करणाऱ्या मालकालाच इंजेक्शनचा खर्च वसूल होतो.

कागदपत्रांचाही भाग आहे. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी 50 वर्षांहून जुनी असावी लागते आणि तिच्या चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. त्यामुळे नोंदणीची इच्छा असलेल्या मालकाला आम्ही इंजेक्शनचे काम करून देत नाही. इतरांच्या गाड्यांतही मूळ मॅनिफोल्डला (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या भागाला) छिद्र न पाडता वेगळा ॲल्युमिनियमचा मॅनिफोल्ड ओतून घेतो, काढलेले कार्बोरेटर तेल लावून मालकाच्या हवाली करतो आणि त्यांचे क्रमांक बिलावर लिहून देतो.